दहा श्वासांतले सात

सोमवार, १८ नोव्हेंबर

प्रिय ताई,

सादर नमस्कार.

तू मला पत्र लिहायला सांगितले नव्हतेस, तरी लिहिते आहे. या आगाऊपणाबद्दल आधीच क्षमा मागते. निघताना तू एवढेच म्हणाली होतीस, की दर रविवारी खोलीवर जाऊन माझे टपाल आण आणि सांभाळून ठेव. तुझ्या बेटावरच्या हवामान केंद्रात मंगळवारी एकदाच बोट येते, एका पिशवीत सगळ्यांची पत्रे येतात, तेव्हा महत्त्वाचे असेल तेवढेच लिहावे, हेही तूच सांगितले होतेस. सात आठवडे मी ते पाळले. आता जे लिहिते ते महत्त्वाचे आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार माझा नाही. पण तो कोणाचा आहे, हेही मला ठाऊक नाही.

काल खोलीवर गेले. दार तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीने उघडले. तिच्या अंगात राखाडी स्वेटर होता. तो मी लगेच ओळखला, कारण त्याच्या डाव्या बाहीत एक टाका चुकला आहे आणि तो माझ्याच हातून चुकला आहे. दोन हिवाळ्यांपूर्वी तो मी तुझ्यासाठी विणला होता. ही तक्रार नव्हे, केवळ नोंद. तुझ्या टेबलावर आता ऑर्किडच्या अकरा कुंड्या आहेत. तुझी पुस्तके खिडकीच्या कट्ट्यावर गेली आहेत आणि त्यांच्यावर दुपारचे ऊन पडते. ग्रंथालयाच्या जतन विभागात जुन्या कागदांमध्येच माझा दिवस जातो, म्हणून सांगते, ऊन कागदाला चांगले नाही. तुझा निळा कप ती वापरते. तुझ्याविषयी बोलताना ती नुसते 'ती' म्हणते. 'ती म्हणाली होती', 'तिला नाही आवडत'. जणू जगात दुसरी कोणी 'ती' नाहीच. मग तिने मला विचारले, "तुम्ही चहा घेणार का?" तुझ्याच खोलीत, मला, पाहुण्याला विचारावे तसे. मी नको म्हटले. ती म्हणाली, "तुम्ही नेहमीच नको म्हणता." यावर उत्तर मला जिन्यात सुचले, आणि ते लिहिण्याजोगे नाही.

मूळ मुद्दा गुंडाळीचा. सहा वर्षांपूर्वी तुझ्या कार्यालयाच्या पायरीवर कोणीतरी पिशवीत बांधून हा हातभर अजगर सोडून गेले, तेव्हा त्याच्यासाठी बुटांचे खोके घेऊन धावत आलेली मी होते. 'वेटोळी' नको, 'गुंडाळी' म्हण, हेही मीच सुचवले होते. तरी जाताना तू तिला तुझ्या मैत्रिणीच्या हवाली केलेस. माझ्या आईला सापाची भीती वाटते, हे कारण तू दिलेस. ते खरेच आहे. पण मला विचारले असतेस, तर मी आईची समजूत घातली असती.

गुंडाळी श्वास सोडते तेव्हा 'टिक्' असा बारीक आवाज येतो, नखावर नख वाजवावे तसा. तिचे तोंड दोनदा किंचित उघडलेले दिसले. तुझ्या मैत्रिणीचे म्हणणे असे, की कात टाकायची वेळ आली आहे, डोळे दुधाळ झाले आहेत, आणि नाकपुडीत जुनी कात अडकली की असा आवाज यायचाच. असेलही. मात्र रोज सकाळी ती ऑर्किडवर पाणी फवारते आणि त्याच बाटलीने गुंडाळीच्या पेटीतही फवारते. काच आतून घामेजलेली असते. मला हे बरोबर वाटत नाही.

उत्तराची अपेक्षा नाही.

तुझी मावसबहीण


मंगळवार, १९ नोव्हेंबर

पहिला नंबर,

अगं, माफी कसली मागतेस? शाळेत हात वर करून 'बाई, बोलू का' असं विचारायचीस, आणि बाईंचं लक्ष जाईपर्यंत तास संपायचा. तश्शी आहेस अजून. आणि उत्तराची अपेक्षा नाही म्हणून खाली लिहायचं म्हणजे समोरच्याने मुकाट्याने उत्तर लिहावं, हे मावशीकडून शिकलीस.

बोट इथे तीन तास थांबते. त्यातला एक तास सामान उतरवण्यात गेला, एक तुझं पत्र वाचण्यात, आणि राहिलेल्या तासात हे लिहिते आहे. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मग नोकरीची सवय म्हणून मोजलं. गुंडाळीच्या तब्येतीबद्दल सात ओळी. माळीण आणि तिने माझ्या कुठल्या कुठल्या वस्तूंना हात लावला याबद्दल सव्वीस. आता तूच सांग, आजारी कोण आहे?

स्वेटर मीच दिला तिला. दिवसभर त्या रोपवाटिकेच्या काचघरात घामाने भिजते आणि संध्याकाळी बाहेर पडली की कुडकुडते. माझं बेटावर जाडजूड सरकारी कोटात भागतं. चुकलेल्या टाक्यासकट तो स्वेटर तिला आवडतो. कप तर मावशीच्या घरातला आहे, मीच उचलून आणला होता, तेव्हा त्यावर हक्क सांगायचा तर रांगेत तू पुढे आहेस.

माळिणीचं पत्रही याच पिशवीतून आलं. तीही कातीचंच म्हणते, आणि ते पटण्यासारखं आहे. मागच्या खेपेला हवा कोरडी पडून कात तुकड्यातुकड्यांनी निघाली, म्हणून दिवसाआड दोन फवारे मार असं मीच सांगून आले. रोज मारत असेल तर जरा जास्त होतंय, तिला लिहिते. पण कात पडली की तो आवाज थांबायला हवा. नाही थांबला, तर मग ते निमित्त संपलं असं समज आणि मला कळव. मात्र आकडे कळव. मी इथे दर तीन तासांनी काटे वाचते, आणि 'मला बरोबर वाटत नाही' असा काटा आमच्याकडे एकाही यंत्राला नाही.

आणि एकदा तिच्या हातचा चहा पिऊन बघ. विष घालत नाही.

ताई


सोमवार, २५ नोव्हेंबर

प्रिय ताई,

या पत्रात तुझ्या मैत्रिणीविषयी एकही ओळ नाही. मोजून पाहावे.

काल रविवारी दुपारी चार ते पाच या वेळात केलेली निरीक्षणे पुढे देते. कात शुक्रवारी पडली. ती सलग निघाली आणि डोळ्यांवरचे पापुद्रेही तिच्यासोबत निघाले, हे मी भिंगातून तपासले. नाकपुड्या मोकळ्या आहेत. आवाज थांबलेला नाही. घड्याळ समोर ठेवून दहा श्वास मोजले. सात श्वासांत आवाज आला. चूक झाली असेल म्हणून पुन्हा दहा मोजले, पुन्हा सात. डाव्या नाकपुडीवर साबणाच्या फेसासारखा बुडबुडा येतो, फुटतो आणि थोड्या वेळाने पुन्हा येतो. एरवी करते तसा अंगाचा चेंडू तिने केलेला नाही. डोके उंच करून काचेला टेकवले आहे आणि प्रत्येक श्वासाला गळा फुगतो. शनिवारचा उंदीर तिने घेतला नाही.

ग्रंथालयाच्या तळघरात आर्द्रतामापक असतो, तो परवानगी घेऊन नेला होता. पेटीतला ओलावा ब्याऐंशी टक्के. उबदार कोपऱ्यातले तापमान सव्वीस अंश. हीटिंग पॅडचे बटण दोनवर. तू असताना ते कितीवर असायचे, हे तुला माहीत असेल.

मी वाचले त्यानुसार ही सर्व लक्षणे फुप्फुसाच्या संसर्गाची आहेत, आणि असा संसर्ग सापात आपोआप बरा होत नाही. हे चुकीचे ठरल्यास मला आनंदच होईल.

तुझी मावसबहीण

ता. क. चहा घेतला नाही.


मंगळवार, २६ नोव्हेंबर

पहिला नंबर,

चुकलं माझं. तुझं पत्र बोटीच्या धक्क्यावर उभ्या उभ्याच वाचलं. हसले होते ना मागच्या वेळी, ते सगळं परत घेते.

तिला लगेच डॉक्टरांकडे न्यायचं. माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिठ्ठी चिकटवली आहे, त्यावर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांचा पत्ता आहे. खालच्या कप्प्यात नेण्याची पेटी आहे. वाफ द्यायची नाही, तेल लावायचं नाही, औषधाच्या दुकानातून माणसांचं काही आणायचं नाही. नेताना ऊब सुटू द्यायची नाही. हे पत्र तुला गुरुवारी मिळेल. गुरुवारपर्यंत थांबू नकोस असं सांगणारं पत्रच गुरुवारी मिळणार, याला काय करू? केंद्रप्रमुखांना म्हटलं, बिनतारी यंत्रावरून निरोप द्या. ते म्हणाले, माणूस बुडत असेल तर देतो, साप शिंकला तर नाही. त्यांच्याशी चार दिवस बोलणार नाही असं ठरवलंय, पण इथे आम्ही तिघंच आहोत.

आता दुसरं. पॅड मी चारवर ठेवून निघाले होते, आणि बटणाला हात लावायचा नाही असं माळिणीला तीनदा बजावलं होतं. दोनवर कसं आलं? ते काय आपोआप उतरतं? पाणी वाटेल तेवढं मारायचं आणि ऊब काढून घ्यायची, म्हणजे ती जनावर सांभाळत होती की शेवाळ वाढवत होती? याच पिशवीतून तिलाही लिहिलं आहे आणि गोड लिहिलेलं नाही. आजवर तिला असं कधी लिहिलं नव्हतं. गुंडाळीला पेटीसकट तुझ्या घरी पोचवायला सांगितलं आहे. मी परत आल्यावर त्या खोलीत तिच्याबरोबर राहीन की नाही, हेही आत्ता सांगता येत नाही.

तुलाच द्यायला हवी होती गं. पहिल्यापासून तुझीच होती ती. मावशीला मी वेगळं पत्र लिहून मनवते.

ताई


बुधवार, २७ नोव्हेंबर, सकाळ

नमस्कार.

ही चिठ्ठी तुमच्या काउंटरवरच्या बाईंकडे देते आहे. समोर येऊन बोलले असते, पण ग्रंथालयात बोलायचं नसतं म्हणतात, आणि तुमच्याशी बोलायला मला तसंही जमत नाही.

आज सकाळी गुंडाळी तोंड उघडं ठेवून बसली होती. ओठांच्या कडेला फेस. रविवारी तुम्ही मान खाली घालून काहीतरी मोजत होतात, तेव्हाच विचारायला हवं होतं. मी आपली कात कात करत बसले. नेण्याची पेटी शोधायला कपाट उघडलं तर दाराच्या आतल्या बाजूला ताईची चिठ्ठी दिसली. डॉक्टरांचा पत्ता, आणि त्याखाली लिहिलंय, 'काही अडलं तर पहिल्या नंबरला विचार. ती चुकत नाही.' चिठ्ठी दोन महिने तिथेच होती. वरची ओळ मी वाचली होती. खालच्या ओळीत तुम्ही दिसलात की मी पुढे वाचत नसे. खरं सांगते, ती उठता बसता तुमच्या गोष्टी सांगते आणि मला कंटाळा आला होता.

डॉक्टर दुपारी दोनला बघणार आहेत. धरायला दोन माणसं लागतात म्हणाले. मी बाहेर पायरीवर बसले आहे. उत्तर लिहू नका, नुसत्या या.

ताईची खोलीतली मैत्रीण


शनिवार, ३० नोव्हेंबर

नमस्कार.

तुमच्या ताईने लिहिलं तसं केलं आहे. रोपवाटिकेचा टेम्पो मिळाला म्हणून काचेची पेटी सगळ्या सामानासकट आणली. दुसरं इंजेक्शन आज सकाळी झालं, मंगळवारी तिसरं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे खालचा भुसा काढून साधा कागद घातला आहे, तो रोज बदला. फवारा बंद, नुसती पाण्याची वाटी. पॅड चारवर आहे. मी तीनदा बघितलं.

पेटी पुसताना माझ्याच हातून बटण फिरलं असणार. मला आठवत नाही, पण दुसरं कोण असणार? तुमच्यामुळे वेळेवर कळलं. मी ताईला काय लिहू ते कळत नाही, म्हणून काहीच लिहिलेलं नाही.

पेटीच्या मागे ती चिठ्ठी चिकटवली आहे, तुमच्याकडेच असू द्या. स्वेटर धुऊन घडी करून वर ठेवला आहे. तो तुमचा आहे हे मला माहीत नव्हतं.


सोमवार, २ डिसेंबर

प्रिय ताई,

हे पत्र शेवटपर्यंत वाच, अशी विनंती करण्याचा अधिकार मला उरलेला नाही, तरी करते.

आधी गुंडाळी. ती जिवंत आहे. तुझे पत्र येण्याच्या आदल्याच दिवशी, बुधवारी दुपारी, आम्ही तिला डॉक्टरांकडे नेले. मी ग्रंथालयाबाहेर आले तेव्हा माळीण (हा तुझा शब्द, वापरण्यासाठी मी तिची परवानगी घेतली आहे) नेण्याची पेटी मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती. राखाडी स्वेटर पेटीभोवती गुंडाळलेला होता आणि ती स्वतः अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात थरथरत होती. मी तिला माझी शाल देऊ केली नाही. हे आधी लिहिते, कारण पुढचे सर्व याच जातीचे आहे.

डॉक्टर वयस्क आहेत आणि बोलताना माणसाऐवजी प्राण्याकडे पाहतात. मला ते सोयीचे वाटले. खवल्यांची खरखर ऐकू येऊ नये म्हणून त्यांनी गुंडाळीच्या अंगावर ओला पंचा ठेवला आणि त्यावरून नळी लावून बराच वेळ ऐकले. मग एका चपट्या पट्टीने तिचे तोंड उघडले. आत चिकट द्रावाच्या तारा लोंबत होत्या. कापसाच्या काडीवर त्यांनी त्यातला थोडा तपासणीसाठी घेतला. "सापाला खोकता येत नाही," ते म्हणाले. "आपल्याला खोकून मोकळं होता येतं. याच्या आत साचलं की साचतच जातं. मग बिचारा मान वर धरून बसतो, आणि घरच्यांना वाटतं, काय ऐटीत बसलाय." मग त्यांनी विचारले, "पेटीत ऊब किती असते?"

"सव्वीस," मी म्हणाले.

"आणि ओल?"

"ब्याऐंशी."

"वा. गार आणि ओली. मुद्दाम आजारी पाडायचं ठरवलं असतं तरी इतकं नीट जमलं नसतं. पॅड कोण बघतं?"

मी तोंड उघडले. खरोखर उघडले. तेवढ्यात माळीण म्हणाली, "मी. खोलीत मीच असते ना."

"मग तो दोनवर का?"

"तिथेच असतो असं वाटलं. हात लावू नको म्हणून ताकीद होती, म्हणून मी त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही."

"बघायला हरकत नसते, बाई," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी सुई भरली.

गुंडाळीची मान माळिणीने धरली होती, शेपटीकडचा भाग माझ्या हातात होता. आमच्या दोघींच्या मध्ये चार फूट साप होता, आणि मी शेपटी तेवढी घट्ट धरून ठेवली.

ताई, पॅड दोनवर मी केला.

रविवार, १० नोव्हेंबर, दुपारी सव्वाचार. माळीण वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली होती. पेटीची काच आतून घामेजली होती आणि कोपऱ्यात ओलसर कुबट वास येत होता. तळघरात कागदांना असा वास आला की आम्ही पहिल्याने दोन गोष्टी करतो: ऊब कमी करतो आणि वारा खेळता ठेवतो. बुरशी तिथेच थांबते. मला हे काम येते, आणि ते करताना माझी कधी चूक झालेली नाही. म्हणून मी बटण चारवरून दोनवर आणले आणि पेटीमागची खिडकी बोटभर उघडली. गुंडाळी कागद नाही, हा विचार माझ्या मनात आला नाही, असे लिहिले तर ते खोटे होईल. आला होता. तरी केले, कारण पुढच्या रविवारी काच स्वच्छ दिसेल, वास गेलेला असेल, आणि मग मी तुला लिहीन, की तुझ्या मैत्रिणीला दीड महिन्यात जे जमले नाही ते मी एका दुपारी केले. त्या पत्राची पहिली दोन वाक्ये मी जिन्यातच तयार केली होती.

पुढच्या रविवारी 'टिक्' ऐकू आले. मला त्याच क्षणी कळले. माळीण पूर्ण वेळ खोलीत होती, म्हणून बटण परत फिरवता आले नाही, असे मी स्वतःला सांगितले. पण तिच्यासमोर फिरवता आले असतेच की. फक्त तिला सांगावे लागले असते. त्याऐवजी मी तुला फवाऱ्याविषयी लिहिले. तू आकडे मागितलेस, तेव्हा मी आकडे दिले. 'हीटिंग पॅडचे बटण दोनवर. तू असताना ते कितीवर असायचे, हे तुला माहीत असेल.' त्या पत्रात एकही शब्द खोटा नव्हता, आणि मी ते तसे असावे म्हणून तीन वेळा लिहून काढले होते. त्या रविवारीही मी बटण दोनवरच ठेवून घरी आले. आकडा तसाच राहायला हवा होता.

गुरुवारी तुझे पत्र मिळाले. 'तुलाच द्यायला हवी होती' ही ओळ मी किती वेळा वाचली, हे आता सांगत नाही. त्या दिवशी मी कामावर दोन वेळा एकटीच हसले, असे शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मला सांगितले. तुम्हा दोघींचे बिनसले याचा मला आनंद झाला होता, आणि तो आनंद शनिवारी दुपारपर्यंत पुरला.

शनिवारी मी घरी आले, तर काचेची पेटी आमच्या बाहेरच्या खोलीत होती आणि आई स्वयंपाकघराला आतून कडी लावून बसली होती. कडी न काढताच तिने विचारले, "ती आजारी आहे म्हणे. तिला काही लागणार आहे का?" मी म्हटले, आत्ता नाही. आई म्हणाली, "आणून देणारी पोरगी चांगली आहे गं. पण इतकी का रडत होती?" मग मी माळिणीची चिठ्ठी वाचली. जे बटण तिने पाहिलेही नव्हते, ते तिने आपल्याच हातून फिरवून टाकले होते. वर स्वेटर घडी करून ठेवला होता. डाव्या बाहीतला चुकलेला टाका तिने उसवून दुरुस्त केला होता, इतका बेमालूम, की मला तो शोधावा लागला.

काल तिला घरी बोलावले आणि सांगितले. मी आधी कागदावर लिहून घेतले होते आणि तो कागद वाचून दाखवला. अन्यथा मला जमले नसते. तिने गुंडाळीकडे पाहिले. मग म्हणाली, "म्हणजे मी वरून भिजवत होते आणि तुम्ही खालून गार करत होतात. काचघरात जे जगवायचं असतं त्याला आम्ही पाणी मारतो. तुमच्याकडे गार करतात. हिने कुणाचं म्हणून ऐकायचं?" पुढे म्हणाली, "ताईचं पत्र आल्यापासून मी तीन दिवस रडते आहे, आणि आता कळतं की त्यातलं अर्धं रडणं तुमच्या वाट्याचं होतं." मला वाटले, ती उठून जाईल. आईने स्वयंपाकघरातून विचारले, चहा टाकू का? माळीण माझ्याकडे पाहत म्हणाली, "घेईन. मी नको म्हणत नाही." तिने मला क्षमा केली आहे असे समजू नकोस. मी तशी मागितलीही नाही. चहा मात्र मी तिच्यासोबत घेतला.

माझी मागणी एवढीच आहे: तिला जे लिहिलेस ते परत घे, आणि ते लवकर घे. गुंडाळी कोणाकडे राहावी, हे तू ठरव. सातवे इंजेक्शन पंधरा तारखेला आहे. तोवर तिला हलवू नये असे डॉक्टरांचे मत आहे, म्हणून ती आमच्याकडे आहे, आणि माळीण रोज येते. आईने कडी काढली आहे. तुझ्या चिठ्ठीतला डॉक्टरांचा पत्ता तसाच ठेवला आहे. त्याखालची ओळ मी खोडली.

एक गोष्ट लपवायची नाही म्हणून लिहिते. मला अजूनही तिचा हेवा वाटतो. ती चुकली असे तिला नुसते वाटले, तरी ती रडली आणि सांगून मोकळी झाली. मी चुकले तेव्हा आकडे लिहिले. स्वेटर मी तिला परत दिला, आणि देताना हात जड झाला.

आज रजा घेतली आहे. दुपारी माळीण जेवणाच्या सुट्टीत आली. पॅड चारवर होता. मी पाहिला आणि तिनेही पाहिला. उबदार कोपऱ्यात बत्तीस अंश, ओलावा अठ्ठावन्न टक्के. गुंडाळीचे तोंड मिटलेले होते. मग आम्ही दोघींनी एकाच वेळी दहा श्वास मोजले. मला चार श्वासांत आवाज आला, तिला पाच.

पुन्हा मोजले नाहीत. पाच लिहिते.

तुझी धाकटी

टपालात टाकले: सोमवार, २ डिसेंबर, सायंकाळी पाच वाजून बावन्न मिनिटे.